कंपनी चांगली की साचा चांगला?

प्लॅस्टिकचे सुटे भाग चिकटवून विमान, जहाज वा रणगाडा उभा करायचा, हा छंद जगभर आहे. असे संच कोणत्या कंपनीचे उत्तम, यावर छंदिष्टांचे वाद मोठे रंगतात.

इंग्लंडच्या एअरफिक्सने १९४९ साली फर्ग्युसन ट्रॅक्टरची प्रतिकृती काढली. जपानमधील शिझुओकाची तामिया मुळात लाकडाचा धंदा करी. तिने १९६० साली यामाटो युद्धनौकेपासून प्लॅस्टिकला हात घातला. तामियाचे भाग एकमेकांत बिनचूक बसतात, असे बहुतेक छंदिष्ट सांगतात. एअरफिक्सबद्दल मात्र कोणी वाखाणतो, तर कोणी नाक मुरडतो. हे कसे?

त्याचे एक कारण साच्यात आहे. वितळलेले पॉलिस्टायरीन दाबाने धातूच्या साच्यात भरतात. मोदकाचा साचा नीट मिटला नाही, तर कडेने पारी बाहेर येते ना? झिजलेल्या साच्याचे तसेच होते. अन् कित्येकदा जुन्याच साच्यातला माल नव्या खोक्यातून येतो. म्हणजे नाव एकच, पण माल दोन पिढ्यांचा!

दुसरे असे, की एकाला हुबेहूब आकार हवा असतो, तर दुसऱ्याला सोपी जोडणी. दोघेही खरेच बोलतात.

तेव्हा गुरुजी, शाळेच्या तुटपुंज्या पैशातून संच घ्याल, तर नुसत्या नावावर जाऊ नका. साचा कोणत्या सालचा, आणि चांगला म्हणजे कशासाठी चांगला, एवढे आधी विचारा.