जांगल देशातील विवाह आणि आपला रुग्ण

तुळशीचे लग्न झाले की विवाहांचा हंगाम सुरू होतो. अलीकडे मुंबई-पुण्याकडील अनेक कुटुंबे विवाहासाठी जोधपूर, जैसलमेर किंवा समच्या वाळूच्या टेकड्यांवरील तंबूंची निवड करू लागली आहेत. प्रस्थानापूर्वी रुग्ण चिकित्सालयात येतो, 'चार दिवसांची औषधे द्या' म्हणतो आणि आपण नेहमीच्याच पुड्या बांधून देतो. त्या वेळी देशविचार केला पाहिजे, एवढेच प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

चरकाचार्यांनी अग्र्यसंग्रहात मरुभूमीस आरोग्यदायी देशांत श्रेष्ठ मानले आहे आणि आनूप देशास अहितकर म्हटले आहे. मग चिंता कशाची? चिंता मरुभूमीची नसून सात्म्यभेदाची आहे. कोकणपट्टीतील मनुष्य आर्द्र, आनूप देशात वाढलेला असतो. जैसलमेरचे वार्षिक पर्जन्यमान जेमतेम २० सें.मी. आहे. तेथील रूक्ष हवा, वारा व धूळ यांनी वातपित्त वाढते. जानेवारीत दुपारी २३-२४ अंश सेल्सियस असणारे तापमान पहाटे ७-८ अंशांवर उतरते. पूर्वीचा यात्रेकरू आठवडे चालत जाई व शरीर हळूहळू रुळे. आजचा पाहुणा हे देशांतर एका दिवसात करतो.

प्रस्थानापूर्वी : निघण्याच्या सात-आठ दिवस आधी तिळतेलाचा अभ्यंग आणि अणुतेलाचे प्रतिमर्श नस्य, प्रत्येक नाकपुडीत दोन थेंब, सुरू करावे. नाकातून रक्त येण्याची सवय असणाऱ्यांस गाईच्या तुपाचे नस्य द्यावे. उच्च रक्तदाबासाठी मूत्रल औषधे घेणाऱ्यांनी मात्रेविषयी आपल्या डॉक्टरांशी बोलावे, परस्पर बदल करू नये. मधुमेहींनी इन्सुलिन उन्हात उभ्या मोटारीत ठेवू नये. तमकश्वासाच्या रुग्णाने श्वसनपंप सामानात न टाकता खिशात ठेवावा.

प्रवास : जोधपूरहून जैसलमेर रस्त्याने सुमारे २८० कि.मी. आहे. वाटेत सोय होणार नाही या भीतीने अनेक स्त्रिया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. अल्पजलपान व मूत्रवेगधारण एकत्र आले की मूत्रकृच्छ्र आणि शिरःशूल घेऊनच लग्नघर गाठले जाते. थांबे आधी ठरवावेत व थोडे थोडे पाणी पीत राहावे, असे स्पष्ट शब्दांत सांगावे.

आहार : दाल-बाटी-चुरमा, गट्टे, बाजरीचा सोगरा हा तुपाने युक्त गुरू आहार हेमंतातील प्रदीप्त अग्नीस व तेथील कष्टकऱ्यास योग्य आहे. प्रवासाने थकलेल्या पाहुण्याने रात्री उशिरा तो पोटभर घेतल्यास अजीर्ण ठरलेलेच. अर्धी मात्रा घ्यावी व तुपाच्या जेवणावर उष्णोदक प्यावे. केर-सांगरीची भाजी म्हणजे करीराची फळे व शमीच्या शेंगा. दसऱ्याला आपण पूजितो तीच ही शमी. मात्र भाजीतील तेल-तिखटाचे प्रमाण पाहून अम्लपित्ताच्या रुग्णाने हात आखडावा. पश्चिम राजस्थानातील काही समाजांत पाहुण्यास अमल, म्हणजे अफूचे पाणी, देण्याची जुनी रीत आहे. १९८५ च्या कायद्याने असे सेवन गुन्हा ठरते आणि निद्राकर औषधे घेणाऱ्यास ते घातकही आहे. हात जोडून नम्र नकार द्यावा.

विहार : उंट उठताना प्रथम मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे बसलेला मनुष्य पुढे फेकला जातो. गर्भिणी, कटिशूल व अस्थिक्षयाचे रुग्ण यांनी हा मोह टाळावा. शेकोटीपासून उठून थेट थंड वाऱ्यात जाऊ नये, कान झाकावेत. नवी मोजडी पाय चावते. मधुमेहीने ती घालू नये. अंधारात वाळूवर बंद पादत्राणे व विजेरी हवीच. कोकणात परिचित असलेले फुरसे तेथेही आढळते. दंश झाल्यास चिरणे, आवळून बांधणे टाळून रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

उन्हाळ्यातील मुहूर्त : अक्षय्य तृतीयेच्या सुमाराचा विवाह ही निराळीच बाब आहे. फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदले गेले. वृद्ध व हृद्रोगी यांस अशा वेळी न जाण्याचा सल्ला देण्यास संकोचू नये. अंग तापून रुग्ण असंबद्ध बोलू लागला किंवा मूर्च्छित झाला तर तो उष्माघात समजावा. सावलीत नेऊन अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा व त्वरित रुग्णालयात हलवावे. बेशुद्धास तोंडाने काहीही देऊ नये. प्रवाळ, कामदुधा देत बसण्याची ही वेळ नव्हे.

औषधालयचालकांसाठी : प्रवासात आसव-अरिष्टांच्या बाटल्या गळतात, वैद्यांच्या संमतीने वटी द्यावी. नाव नसलेल्या पुड्या देऊ नयेत. प्रत्येक पाकिटावर औषध, मात्रा व वेळ लिहून चिठ्ठीची प्रत सोबत द्यावी. अनोळखी गावी रुग्ण आजारी पडल्यास तेथील चिकित्सकास तेवढाच आधार असतो. अणुतेल, हिंग्वष्टक चूर्ण आणि एक लिटर पाण्यात विरघळवावयाची जलसंजीवनीची पाकिटे तयार ठेवावीत.

'कोठे व कोणत्या ऋतूत जाणार?' हे दोन प्रश्न विचारण्यास एक मिनिटही लागत नाही. लग्नसराईत ते प्रत्येक रुग्णास विचारावेत.