शाळा बांधल्यानंतरचा खर्च

माध्यमिक शाळेच्या इमारतीचा विषय निघाला की आपल्याकडील चर्चा बहुधा इमारत निधीपाशी सुरू होते आणि कोनशिलेवरील नावांपाशी संपते. इमारत उभी राहिली म्हणजे प्रश्न मिटला, अशी आपली समजूत असते. ती कितपत खरी आहे हे पाहण्यासाठी आज आम्ही श्रोत्यांना पोर्तुगालला नेणार आहोत. हा देश आपणांस अगदीच परका नाही. पणजीला १८५४ साली ‘लिसेव’ निघाले, तेव्हापासून तिकडच्या माध्यमिक शाळेचे हे नाव गोव्यात परिचयाचे झाले.

ह्या शतकाच्या आरंभी पोर्तुगालमधील माध्यमिक शाळांच्या इमारती ढोबळमानाने तीन पिढ्यांच्या होत्या. पहिली, उंच छतांची जुनी लिसेवे. दुसरी, सालाझारच्या राजवटीत बांधलेल्या शाळा. आणि तिसरी, १९७४ च्या क्रांतीच्या आगेमागे विद्यार्थ्यांची संख्या एकाएकी वाढल्यावर ठरावीक नकाशांवरून घाईने उभारलेल्या, सुट्या सुट्या बैठ्या इमारतींच्या शाळा. ह्या शेवटच्या प्रकारात एका तासाहून दुसऱ्या तासाला जायचे म्हणजे पावसातून जायचे! ह्या सर्व शाळा सुधारण्यासाठी सरकारने २००७ साली ‘पार्के एस्कोलार’ नावाची सार्वजनिक कंपनी स्थापन केली. ३३२ शाळा हाती घ्यावयाच्या, असा संकल्प होता.

केवळ रंगसफेदी आणि छपराची डागडुजी एवढाच हेतू नव्हता, हे येथे सांगितले पाहिजे. योजनाकारांची मुख्य कल्पना होती ‘शिकण्याचा रस्ता’. ग्रंथालय, सभागृह, प्रदर्शनाची जागा, प्रयोगशाळा, उपाहारगृह ही एकमेकांपासून दूर कोपऱ्यांत न ठेवता एका रुंद, छपराखालच्या वाटेवर आणावयाची. म्हणजे वर्गाबाहेर पडलेला मुलगाही काही तरी पाहतो, वाचतो, दोघे-चौघे मिळून बोलत बसतात. शिवाय शाळा सुटल्यावर वर्गखोल्यांना कुलूप घालून हा भाग गावाला खुला करता येतो. आमच्या मते साऱ्या योजनेतील ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट होय. आपल्याकडे संध्याकाळी शाळेची फाटके बंद होतात आणि त्याच गावात सभेला जागा मिळत नाही!

आता पैशांचे पाहू. आरंभीचा अंदाज ३३२ शाळांसाठी ९४ कोटी युरोंचा होता. म्हणजे शाळेमागे सुमारे २८ लाख. देशाच्या हिशेबतपासणी न्यायालयाने २०१२ साली दिलेल्या अहवालात मात्र २०५ शाळांचाच आकडा सुमारे ३१७ कोटींवर गेलेला दिसला. शाळेमागे १ कोटी ५४ लाखांहून अधिक. ही सगळी उधळपट्टी होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मधल्या काळात, २००९ साली, सक्तीच्या शिक्षणाची मर्यादा १८ वर्षांपर्यंत वाढली, तेव्हा जागा अधिक लागली. हवा, ऊर्जा, सुरक्षितता ह्यांचे नियमही कडक झाले होते. परंतु क्षेत्रफळ वाढले, साहित्य भारी निवडले गेले, हेही खरे. त्या वेळच्या माजी शिक्षणमंत्री बाईंनी संसदेच्या समितीपुढे ह्या योजनेचे वर्णन उत्सव असे केले, आणि विरोधकांनी तो शब्द पुढे कित्येक वर्षे सोडला नाही.

उत्सव संपल्यावर विजेचे बिल आले. २००६ च्या नियमांप्रमाणे नव्या शाळांत बंदिस्त खिडक्या आणि हवा खेळती ठेवणारी मोठी यंत्रे बसविली होती. जुन्या शाळेत उकडले तर खिडकी उघडत. येथे यंत्र चालवावे लागे, आणि शाळेच्या वार्षिक तरतुदीत त्याला पुरेसा पैसा नव्हता. पुष्कळ मुख्याध्यापकांनी यंत्रे बंदच ठेवली. इमारतींची मालकी कंपनीकडे गेल्याने शासन तिला क्षेत्रफळावर भाडे देई, तेव्हा जागा वाढली तसे भाडेही वाढले. बांधकामाचे पैसे मोठ्या अंशी युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेच्या कर्जातून आले होते. ते कर्ज वेगळेच.

आणि २०११ साली देशच अडचणीत आला. युरोपीय संघ आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी ह्यांच्याकडून ७,८०० कोटी युरोंचे साहाय्य घ्यावे लागले. शाळांचा चौथा टप्पा रद्द झाला, तिसऱ्यातील काही कामे मध्येच थांबली.

ह्याचा अर्थ काय झाला, तो पोर्तो शहरात दिसतो. तेथे मार्केस द सिल्वा ह्या एकाच वास्तुशिल्पकाराने रचलेल्या दोन जुन्या शाळा आहेत. त्यांपैकी रोद्रिगेस द फ्रेइतास पहिल्या चार शाळांत निवडली गेली, म्हणून ती अगदी आरंभीच सुधारली. दुसरी, आलेशांद्रे एर्कुलानो, रांगेत मागे होती. योजना थांबली आणि ती तशीच राहिली. जानेवारी २०१७ मध्ये तिच्या वर्गांत पाऊस पडू लागला, तेव्हा शाळा काही दिवस बंद करावी लागली. तिच्या दुरुस्तीला पैसा मिळाला तो त्यानंतर.