प्रतिसहकार पक्ष : अकोल्यात जन्मलेले राजकारण

प्रतिसहकार पक्षाची स्थापना फेब्रुवारी 1926 मध्ये अकोल्यात झाली. यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे, पुण्याचे साहित्यसम्राट नरसिंह चिंतामण केळकर, मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर आणि नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे हे त्याचे प्रमुख नेते. लोकमान्य टिळकांच्या परंपरेतली ही माणसे असहकाराच्या लाटेत वाहून न जाता कायदेमंडळाच्या मार्गाने स्वराज्याकडे जाऊ पाहत होती. जुने एकदम मोडू नये, हाती आलेली सत्ता वापरावी आणि पुढची मागत राहावी, असा त्यांचा पिंड होता. राष्ट्रीय राजकारणातली सावध, सनदशीर बाजू या पक्षाने मांडली.

पक्षाचे बीज टिळकांच्या ‘प्रतियोगी सहकारिते’त आहे. 1919 च्या सुधारणा कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आणली. शिक्षण, आरोग्य, शेती, स्थानिक स्वराज्य ही ‘सोपीव’ खाती लोकप्रतिनिधींतून निवडलेल्या मंत्र्यांकडे आली. पोलीस, जमीनमहसूल, अर्थ ही ‘राखीव’ खाती गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे राहिली. त्याच वर्षीच्या अमृतसर काँग्रेसमध्ये टिळकांनी भूमिका घेतली की सरकार जितके सहकार्य करील तितकेच लोकांनी करावे. ते आडवे आले तर लोकांनीही आडवे जावे. 1 ऑगस्ट 1920 रोजी टिळक गेले. त्यानंतर सप्टेंबरात कलकत्त्याच्या खास अधिवेशनात असहकाराचा ठराव झाला आणि डिसेंबरात नागपूरला त्यावर शिक्कामोर्तब झाले.

वऱ्हाडातल्या टिळकपक्षाला हा बदल मानवला नाही. 1897 मध्ये अमरावतीला काँग्रेस भरली तेव्हा स्वागताध्यक्ष असलेले दादासाहेब खापर्डे नव्या धोरणापासून दूर झाले आणि वरिष्ठ कायदेमंडळात जाऊन बसले. शाळा, न्यायालये आणि कायदेमंडळे यांच्यावर एकदम बहिष्कार घातला तर लोकांच्या हातचे साधनच जाईल, अशी वऱ्हाडातल्या अनेक वकील पुढाऱ्यांची धारणा होती.

1923 च्या आरंभी देशबंधू दास आणि मोतीलाल नेहरू यांनी स्वराज्य पक्ष काढला. कायदेमंडळात शिरायचे, पण आतून सरकारचा गाडा अडवायचा, हे त्याचे धोरण. हे टिळकपक्षाला अर्धे पटणारे होते, म्हणून ही मंडळी त्यात गेली. त्या वर्षीच्या निवडणुकीत मध्यप्रांत-वऱ्हाडात स्वराज्य पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले. 1924 मध्ये त्यांनी मंत्र्यांवर अविश्वास आणला, अंदाजपत्रक फेटाळले आणि मंत्र्यांचा पगार वर्षाला 2 रुपये ठरवला. मंत्री गेले, पण त्यांची सोपीव खाती गव्हर्नरनेच ताब्यात घेतली. अडवणुकीचा असा पूर्ण विजय झालेल्या प्रांतातच मग प्रश्न उभा राहिला : शाळा, दवाखाने, शेती यांचा कारभार नोकरशाहीच्या हाती देऊन लोकांनी मिळवले काय?

ठिणगी पडली ती अमरावतीच्या एका नेत्यामुळे. कायदेमंडळाचे अध्यक्ष, स्वराज्य पक्षाचे श्रीपाद बळवंत तांबे यांनी ऑक्टोबर 1925 मध्ये गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातले गृहखात्याचे पद स्वीकारले. त्यांच्या आधी या पदावर अमरावतीचेच सर मोरोपंत जोशी होते. पण ते नेमस्त, त्यामुळे त्यात कोणाला नवल नव्हते. तांब्यांचा स्वीकार मात्र पक्षशिस्तीचा भंग ठरला आणि मोतीलालजींनी त्याचा कडक निषेध केला. केळकर-जयकरांनी उलट विचारले की विठ्ठलभाई पटेल मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष होतात, मोतीलालजी स्वतः सरकारी स्कीन समितीवर बसतात, तर दोष एकट्या तांब्यांचा कसा? वाद विकोपाला गेला, राजीनामे झाले आणि अकोल्याच्या परिषदेत नवा पक्ष उभा राहिला.

पक्षाची तत्त्वे थोडक्यात अशी. स्वराज्य हेच ध्येय. 1919 च्या सुधारणा अपुऱ्या, तरी त्या राबवाव्यात. मंत्रिपदासह सत्तेच्या जागा लोकनिष्ठ माणसांनी घ्याव्यात, म्हणजे त्या सरकारच्या होयबांकडे जाणार नाहीत. कायदेमंडळात प्रत्येक प्रश्न गुणावर तोलावा : लोकहिताचे असेल तिथे साथ, अन्याय असेल तिथे विरोध. केवळ विरोधासाठी विरोध नको. पक्षातल्या अनेकांचा हिंदू महासभेशी निकटचा संबंध होता. मुंजे तर 1927 मध्ये तिचे अध्यक्ष झाले.

1926 च्या उन्हाळ्यात साबरमतीला स्वराज्य पक्षाशी तडजोडीचा प्रयत्न झाला. मंत्र्यांना पुरेसे अधिकार मिळाले तर पदे घ्यावीत, असे सूत्र निघाले. पण अधिकार पुरेसे आहेत हे ठरवायचे कोणी, यावर ते फिसकटले. वर्षअखेरच्या निवडणुकीत प्रांतात स्वराज्य पक्षाचे बहुमत गेले. 1927 मध्ये बिलासपूरचे ई. राघवेंद्रराव आणि अमरावतीचे रामराव देशमुख यांचे मंत्रिमंडळ आले. सोपीव खाती पुन्हा लोकप्रतिनिधींकडे आली, हे या विचाराचे प्रत्यक्ष फळ.

पक्षाच्या मर्यादाही उघड होत्या. त्याचा पाया शहरातल्या सुशिक्षितांत होता. कास्तकारापर्यंत तो फारसा पोचला नाही. खेड्यापाड्यांत ब्राह्मणेतर चळवळ वाढत होती. 1927 मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरप्रवेशासाठी डॉ. पंजाबराव देशमुखांनी आंदोलन उभारले. समाजातला हा उकळता प्रश्न केवळ कायदेमंडळातल्या डावपेचांनी सुटणारा नव्हता. शिवाय ‘प्रतिसहकार’ या शब्दातच दुसऱ्या बाजूचा प्रतिसाद गृहीत होता. तो मिळालाच नाही तर काय, याचे उत्तर लवकरच द्यावे लागले.

1927 मध्ये एकही भारतीय नसलेले सायमन कमिशन नेमले गेले. 1928 च्या नेहरू समितीत अणे सामील झाले. तिच्या अहवालातली वसाहतीच्या स्वराज्याची मागणीही सरकारने मानली नाही. 1930 च्या सविनय कायदेभंगात वऱ्हाडात दहीहंड्याच्या खाऱ्या पाण्याच्या विहिरींवर मीठ तयार झाले, तर 10 जुलैला अण्यांनी पुसदजवळ राखीव जंगलातले गवत कापून जंगल कायदा मोडला आणि तुरुंगवास पत्करला. मुंजेही जंगल सत्याग्रहात उतरले. सरकारने सहकार्य नाकारल्यावर विरोध करणे हे प्रतियोगी सहकारितेत बसणारेच होते. पण त्यानंतर वेगळ्या पक्षाची गरज उरली नाही. 1933 मध्ये अणे काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते. 1934 मध्ये जातीय निवाड्याच्या विरोधात त्यांनी पंडित मालवीयांसह काँग्रेस राष्ट्रीय पक्ष काढला. 1941 मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी, फेब्रुवारी 1943 मध्ये, त्यांनी ते पद सोडले.

प्रतिसहकार पक्ष जेमतेम चार-पाच वर्षे टिकला, पण त्याचा विचार हरला नाही. 1937 च्या निवडणुकांनंतर काँग्रेसनेच प्रांतोप्रांती मंत्रिमंडळे बनवली. जी वाट अकोल्याने अकरा वर्षे आधी दाखवली होती, तिच्यावरूनच ती गेली.