गोठ्याला पैसे, शहराला पाणी

"पाणी शुद्धीकरणाच्या पायऱ्या लिहा" असा प्रश्न पेपरात आला की आपण डोळे मिटून लिहितो: तुरटी, सेटलिंग टँक, सँड फिल्टर, क्लोरीन. आता ऐंशी लाखांवर वस्तीच्या एखाद्या शहराने यातली फिल्टरची पायरीच गाळली तर? न्यूयॉर्क नेमकं हेच करतं! शहराचं सुमारे ९०% पाणी कॅट्स्किल आणि डेलावेअर या डोंगराळ खोऱ्यांतून, काही तर २०० किलोमीटरवरून, जवळजवळ पंपाशिवाय उतारावर वाहत येतं आणि फिल्टर न होता क्लोरीन व यूव्ही प्रकाश देऊन घरोघरी जातं. (उरलेलं क्रोटन खोऱ्याचं पाणी २०१५ पासून फिल्टर होतं.)

हे जमलं कसं, त्याची गोष्ट गाईच्या गोठ्यात आहे.

१९८९ मध्ये अमेरिकन सरकारने नियम काढला की नदी-तलावाचं पाणी पुरवणाऱ्यांनी ते फिल्टर करावं, नाहीतर मूळ स्रोतच सुरक्षित आहे हे सिद्ध करावं. न्यूयॉर्कने हिशोब केला. प्लँटचा खर्च ६०० ते ८०० कोटी डॉलर, शिवाय दरवर्षी चालवण्याचा खर्च वेगळा. मग शहराने १९९० मध्ये सोपा वाटणारा रस्ता धरला: वरच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांवर कडक नियमांचा मसुदा. ओढ्याजवळ शेणखत टाकायचं नाही, अमुक करायचं नाही, तमुक करायचं नाही. शेतकरी खवळलेच. आणि का नाही खवळणार? याच शहराच्या धरणांखाली त्यांच्या आजोबा-पणजोबांची गावं बुडाली होती. आपल्या भाषेत सांगायचं तर ही धरणग्रस्तांची मुलं-नातवंडं! त्यांना पाणी द्या, वर दंडही भरा, असं सांगणं म्हणजे जखमेवर मीठच.

वाटाघाटी झाल्या आणि १९९३ मध्ये वॉटरशेड अ‍ॅग्रिकल्चरल कौन्सिल स्थापन झाली. तिच्यात शेतकऱ्यांचाच वरचष्मा, पैसा शहराचा, म्हणजे शेवटी नळाचं बिल भरणाऱ्यांचा. भाग घेणं ऐच्छिक. पण एक अट होती, पाच वर्षांत ८५% शेतकरी सामील झाले पाहिजेत. झाले! मला ही अट फार हुशारीची वाटते, कारण शेजाऱ्याला पटवायचं काम आपोआप शेतकऱ्यांवरच आलं.

आता हा पैसा जातो कुठे ते बघू. कौन्सिलचे लोक शेतावर येऊन त्या शेतापुरता आराखडा करतात. गोठ्याच्या छपराला पन्हळ लावली की पावसाचं स्वच्छ पाणी शेणात न मिसळता बाजूने निघून जातं. अंगणात काँक्रीट, शेण साठवायला टाकी, ओढ्याला कुंपण, गाईंना प्यायला वेगळी टाकी आणि ओढा ओलांडायला छोटा पूल. ऐकायला अगदीच साधं सिव्हिल वर्क! खताचाही हिशोब असतो, कुठल्या शेतात किती आणि कधी टाकायचं याचा. कारण शेणातला फॉस्फरस जलाशयात गेला की शेवाळ माजतं, ते कुजतं, आणि त्या सेंद्रिय पदार्थांवर क्लोरीन पडलं की नको ती घातक रसायनं तयार होतात.

सगळ्यात इंटरेस्टिंग भाग वासरांचा आहे. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी लहान वासरांच्या शेणातून भरपूर येतो आणि त्याच्या कवचाला क्लोरीन फारसं काही करू शकत नाही. १९९३ मध्येच मिलवॉकी शहरात याच्यामुळे सुमारे चार लाख लोक आजारी पडले, आणि गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा!) तिथे फिल्टर प्लँट होता. म्हणून न्यूयॉर्कच्या पैशातून वासरांसाठी कोरडे, हवेशीर, वेगळे गोठे बांधले गेले. वासरूच आजारी पडलं नाही तर पुढचे सगळे अडथळे हलके होतात. यात शेतकऱ्याचाही फायदा, त्याची वासरं जगतात.

१९९८ पासून केंद्राची एक योजनाही जोडली गेली. ओढ्याकाठची पट्टी गवता-झाडांसाठी सोडली तर १० ते १५ वर्षांच्या करारावर तिचं भाडं मिळतं.

अर्थात सगळं श्रेय गोठ्यांना देता येणार नाही. शहराने जमिनी घेतल्या, गावांचे सांडपाणी प्लँट सुधारले, सेप्टिक टँक दुरुस्त केले, तेव्हा कुठे फॉस्फरस कमी झाला. शिवाय कॅट्स्किलची माती चिकणमातीची, मोठ्या वादळानंतर पाणी गढूळ होतंच. तेव्हा आपली तुरटीच धावून येते! आणि अनुदानातून शेणाची टाकी मिळते, दुधाला भाव मिळत नाही. अनेक डेअऱ्या बंद पडल्या. तिथे शेताऐवजी बंगले आले तर पाण्याला ते जास्त वाईट, म्हणून शेत शेतच राहावं यासाठीही शहर शेतकऱ्यांना पैसे देतं.

फिल्टर न लावण्याची ही सूट कायमची नाही बरं का. राज्याच्या आरोग्य खात्याने ती डिसेंबर २०१७ मध्ये दिली, ती दहा वर्षांसाठी.