मेनूकार्ड उजवीकडून वाचणारे

घुग्घुसात 'हॉटेल' म्हणजे चहा, पोहे, समोसा आणि बाहेर टाकलेलं बाकडं. टेबलावर कापडी रुमालाची घडी असेल तर ते 'मोठं हॉटेल'. त्यासाठी चंद्रपूर गाठायचं, आणि फारच मोठा प्रसंग असेल तर नागपूर. बाबा कोळसा खाणीतून निवृत्त झाले तो प्रसंग फारच मोठा ठरला. एका रविवारी आई, बाबा, धाकटी बहीण आणि मी नागपूरला दुपारच्या जेवणाला निघालो. वरोरा येईपर्यंत गाडीत मोठ्या हॉटेलांविषयी इतकं ज्ञान गोळा झालं की जेवण्याआधीच पोट भरावं. त्यातलं बरंचसं चुकीचं होतं, माझं धरून.

पहिलं ज्ञान माझंच. "एसी हॉलमध्ये बसलो तर टॅक्स जास्त लागतो." लागत असे, पण तो काळ गेला. जीएसटी आला तेव्हा बिगर-एसी जेवणावर १२ आणि एसीत १८ टक्के कर होता. १५ नोव्हेंबर २०१७ पासून साध्या रेस्टॉरंटांना सरसकट ५ टक्के झाला, मग वर पंखा फिरो की एसी. १८ टक्के राहिले ते ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटात. आणि कंपोझिशन योजनेत असलेल्या छोट्या खानावळीला तर गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेताच येत नाही. म्हणजे कर वाचवायला म्हणून एसी सोडून पंख्याखाली बसणारे आमच्यासारखे लोक गेली कित्येक वर्षं उगाच घाम गाळताहेत.

"फाइव्ह स्टार म्हणजे चवीला फाइव्ह स्टार," हे बहिणीचं. पर्यटन मंत्रालय तारे देतं ते राहण्याच्या हॉटेलांना. खोल्या, सोयी, सेवा, सुरक्षा हे सगळं पाहून. वरणाला फोडणी कशी बसली याची तिथे कुणी नोंद घेत नाही.

आईची धास्ती वेगळी होती. मोठं हॉटेल म्हणजे बार, आणि बारमध्ये आपण बायकांनी कशाला जायचं? चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून २०२१ पर्यंत दारूबंदी होती, शेजारच्या गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. तरी ही धास्ती काही गेली नाही. दारू द्यायची तर वेगळा परवाना लागतो, आणि भरपूर महागडी रेस्टॉरंटं तो घेतच नाहीत. आम्ही गेलो तिथे सगळ्यांत कडक पेय सोलकढी होतं.

आत गेल्यावर मेनूकार्ड आलं आणि चौघांनीही ते उजवीकडून, म्हणजे आकड्यांच्या बाजूने वाचायला घेतलं. बाबांचं लक्ष मात्र काचेपलीकडच्या तंदूरकडे. छत्तीस वर्षं कोळशात काढलेला माणूस. त्यांनी वाढणाऱ्या पोराला थेट विचारलं, "याईची भट्टी कोणत्या कोळशावर हाये?"

हा गैरसमज आमच्या भागात चांगलाच पक्का आहे: कोळसा तो कोळसा, तंदूरही आपल्याच खाणीच्या मालावर चालत असणार. चालत नाही. आपला दगडी कोळसा कोट्यवधी वर्षं जमिनीत दबलेला. त्यात गंधक असतं, राख भरपूर, आणि जळताना धूर नि डांबराचा वास. तो वीज केंद्राच्या बॉयलरला चालतो, रोटीला नाही. तंदूरला लाकडी कोळसा लागतो. लाकूड कमी हवेत भाजून त्यातला धूर आधीच काढून टाकलेला असतो, म्हणून निखारा स्वच्छ जळतो. मातीच्या भिंती तापून चारशे अंशांच्या आसपास जातात आणि रोटी दीड-दोन मिनिटांत फुगून बाहेर येते. मग तो खमंग धुरकट वास कशाचा? कोंबडीची चरबी आणि मसाल्याचं तेल निखाऱ्यावर ठिबकतं, त्याचा. पोराने हे सगळं नीट सांगितलं. बाबा खूश. इतक्या वर्षांत त्यांना कोळशाविषयी काही नवीन सांगणारा पहिलाच भेटला असावा.

बटर चिकन मागवताना बहीण म्हणाली, "मुघल काय खात असतील ना!" मुघलांनी हे खाल्लेलं नाही. त्यातला टोमॅटो आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडातून, पोर्तुगीजांच्या व्यापारातून इकडे आली. बटर चिकनचं नाव जोडलं जातं ते फाळणीनंतर पेशावरहून आलेल्या मंडळींनी दिल्लीच्या दर्यागंजात काढलेल्या 'मोती महल'शी. ते नेमकं कुणी केलं यावरून दोन घराणी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेली. एवढा ताजा वाद बाबराच्या नावावर कशाला टाकायचा? 'व्हेज कोल्हापुरी'विषयी तर मी बोलतच नाही.

भात मागवताना खरी गंमत झाली. पोर म्हणाला, "सर, आमच्याकडे प्रीमियम बासमतीच असतो." त्याच्या स्वरात असं होतं की बासमती नाही तो तांदूळ नाही. चांगला तांदूळ म्हणजे बासमती, हा समज महागड्या टेबलांनीच वाढवलाय. बिर्याणीला तो हवाच. शिजून लांब होतो, दाणा दाण्याला चिकटत नाही, वासही आहे. पण वरणभाताला, गोळाभाताला विदर्भातली माणसं ज्या बारीक तांदळाला पसंती देतात तो एचएमटी आमच्याच जिल्ह्यात जन्मला. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे (मराठवाड्यातलं नांदेड वेगळं) दादाजी खोब्रागडे. शिक्षण जेमतेम, जमीन दीडेक एकर. १९८३ च्या सुमाराला आपल्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, बी जपलं, वर्षामागून वर्ष निवडत गेले. तांदूळ बाजारात आला तेव्हा त्याला नाव मिळालं ते त्या वेळी हौसेच्या असलेल्या एचएमटी घड्याळाचं. ३ जून २०१८ ला दादाजी गेले. पैशांची ओढाताण शेवटपर्यंत सुटली नाही. ज्या मेनूकार्डावर बासमतीला 'प्रीमियम' लिहितात त्यावर एक ओळ 'नागभीडचा एचएमटी' अशी असती तर मी डावीकडूनही वाचलं असतं.

जेवण आलं आणि आई काटा-चमचा हातात धरून थिजली. मोठ्या ठिकाणी हाताने खाल्लं की गावंढळ ठरतो, हा तिचा ठाम समज. दिल्लीच्या आयटीसी मौर्य हॉटेलातलं 'बुखारा' हे देशातल्या सगळ्यांत नावाजलेल्या रेस्टॉरंटांपैकी एक. परदेशी राष्ट्राध्यक्ष तिथे येऊन जातात. तिथे काटे-चमचे मांडतच नाहीत. गळ्यात कापड बांधतात आणि हाताने खायला सांगतात. हे सांगितल्यावर आईने चमचा बाजूला ठेवला, बांगड्या मागे सारल्या आणि रोटी तोडली.

पाण्याच्या बाटलीवर मात्र मी हरलो. छापील किमतीपेक्षा जास्त लावलेली पाहून मी आवाज चढवणार होतो. पण १२ डिसेंबर २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल हॉटेलवाल्यांच्या बाजूचा आहे: बसायला जागा आणि वाढायला माणूस देतात, म्हणून बाटली छापील किमतीने विकण्याची सक्ती त्यांच्यावर नाही. उपाय साधा आहे. बसल्याबरोबर "फिल्टरचं साधं पाणी द्या" म्हणायचं, ते लाजायचं नाही.

बिल आलं. बाबांनी ते पगाराची स्लिप वाचावी तसं वाचलं. वर एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक होता. जानेवारी २०२२ पासून तो बिलावर छापणं सक्तीचं आहे. खाली जेवणाचे ३,६४० रुपये, मग सर्व्हिस चार्ज १० टक्के, ३६४. आणि त्या बेरजेवर जीएसटी. "हा सरकारचाच टॅक्स असते," आई म्हणाली. तसा तो नसतो. सर्व्हिस चार्ज हॉटेलच्या गल्ल्यात जातो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला तो बिलात आपोआप लावायला मनाई केली आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई कायम ठेवली. तक्रारीला १९१५ क्रमांक आहे. आम्हाला तो लावायची वेळ आली नाही. मॅनेजरला म्हटलं, त्याने दुसरं बिल काढून दिलं: ३,८२२. ३८२ रुपये २० पैसे कमी.

उठताना बाबांनी कोळसा समजावणाऱ्या पोराच्या हातात शंभराच्या चार नोटा ठेवल्या. "हे तुये," म्हणाले.

गाडी वर्धा रोडला लागेपर्यंत आई गप्प होती. मग म्हणाली, "सतरा रुपये ऐंशी पैसे जास्तच गेले."