गिलाव्याचें ठिगळ

नवरात्र उठलें कीं घरोघरीं भिंतींची आठवण होते. चार महिन्यांच्या पावसानें कोठें डाग पडलेला असतो, कोठें रंगाला फुगवटी आलेली असते, कोठें पोपडे सुटून आंतील वीट उघडी पडलेली असते. आणि दिवाळी तर वीस दिवसांवर येऊन ठेपलेली असते. मग गवंड्याला बोलावणें जातें. तो येतो, सैल झालेला भाग थापीनें खरवडतो, घमेल्यांत सिमेंट आणि वाळू कालवतो, तासाभरांत खड्डा बुजवून वर हात फिरवून देतो, आणि चार दिवसांनीं रंगारी त्यावर रंग चढवितो. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं भिंत नव्यासारखी दिसते. पुढच्या श्रावणांत त्याच जागीं, किंबहुना त्या जागेभोंवतीं हातभर अधिक जागेंत, पुन्हां पोपडे सुटतात. गृहस्थ गवंड्याला दोष देतो, गवंडी सिमेंटला देतो, आणि दुकानदार पावसाला देतो. खरी गोष्ट अशी असते कीं, काम सुरू होण्यापूर्वीं दोन प्रश्न कोणीच विचारलेले नसतात: भिंतींत पाणी आलें कोठून, आणि ही भिंत आहे कशाची?

भिंत म्हणजे दगडविटांचा निर्जीव ढीग, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः वीट, चुना आणि माती हे तिन्ही पदार्थ सच्छिद्र आहेत. दिव्याची वात जसें तेल ओढून घेते, तशी भिंत पाणी ओढून घेते, आणि हवा कोरडी झाली म्हणजे तें पृष्ठभागावाटे सोडून देते. जुन्या वाड्यांतील हात-दीड हात जाडीच्या भिंतींना हें पाणी टाकावयास महिनेच्या महिने लागतात. आश्विनांत हात लावला असतां भिंत कोरडी लागते खरी, पण ती वरवर; गाभा ओलाच असतो. अशा वेळीं तिच्यावर सिमेंटचें घट्ट ठिगळ बसविणें म्हणजे घामाघूम झालेल्या माणसाला मेणकापड गुंडाळण्यासारखें आहे.

आंत कोंडलेलें पाणी स्वस्थ बसत नाहीं. ठिगळांतून वाट मिळत नाहीं म्हणून तें त्याच्या कडेनें बाहेर पडूं लागतें, आणि येतांना एकटें येत नाहीं. जमिनींतले, विटांतले, वाळूंतले क्षार त्यांत विरघळलेले असतात. पाणी उडून जातें, क्षार मागें राहतात. ते पृष्ठभागावर जमले तर पांढरी भुकटी दिसते. यालाच भिंतीला लोणा लागणें म्हणतात. ही भुकटी दिसावयास वाईट, पण फारशी अपायकारक नव्हे. कोरड्या ब्रशानें झाडून टाकतां येते. परंतु तेच स्फटिक पृष्ठभागाच्या किंचित् आंत, गिलाव्याच्या सूक्ष्म छिद्रांत वाढूं लागले म्हणजे त्यांच्या दाबानें गिलाव्याचा कण न् कण सुटतो. म्हणूनच पुष्कळ जुन्या घरांत एक चमत्कारिक दृश्य दिसतें: सिमेंटचें ठिगळ जागच्या जागीं शाबूत, आणि त्याच्या सभोंवार चांगल्या भिंतीचा पट्टा भुसभुशीत होऊन गळत असलेला. गृहस्थाला वाटतें, सिमेंट केवढें मजबूत! तें भिंतीपेक्षां मजबूत आहे, हीच तर अडचण आहे. कोंकणपट्टींत समुद्राकांठची खारी वाळू ज्या घरांना लागलेली असते त्यांची गत याहून बिकट. तेथील क्षार पाऊस नसतांनाहि दमट हवेंतून ओलावा ओढून घेतात.

जुना गिलावा चुन्याचा असतो, आणि चुन्याची जात निराळी. चुनखडीचा दगड सुमारें ९०० अंश सेंटिग्रेड उष्णतेंत भाजला कीं त्यांतील कार्बन डायऑक्साइड वायु निघून जातो. शुद्ध दगडाच्या शंभर भागांपासून छप्पन भाग कळीचा चुना उरतो. तो पाण्यांत विरवून, वाळू किंवा विटांची सुरखी मिसळून भिंतीवर चढविला म्हणजे हवेंतला तोच वायु तो सावकाश परत घेतो आणि पुन्हां दगड होऊं लागतो. हें काम दिवसांचें नव्हे, महिन्यांचें आहे. असा गिलावा सिमेंटपेक्षां मऊ, पण भिंतीच्या बारीकसारीक हालचालींबरोबर थोडा नमणारा, आणि मुख्य म्हणजे ओल बाहेर जाऊं देणारा असतो. पूर्वीं बैलांच्या घाणींत चुना मळीत, त्यांत गुळाचें व हिरड्याचें पाणी घालीत, भेगा पडूं नयेत म्हणून तागाचे तंतू मिसळीत. गुळाहिरड्याची कथा प्रत्येक वाड्यांत मोठ्या अभिमानानें सांगितली जाते. पण चुना किती दिवस भिजला आणि किती वेळ मळला, याला त्याहून अधिक महत्त्व होतें. तंतूंची युक्ति मात्र फार प्राचीन आहे. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यांत भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचें २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दाखवून देण्यांत आलें.

पोर्टलंड सिमेंटचें पेटंट इंग्लंडांत जोसेफ ॲस्पडिन यानें १८२४ सालीं घेतलें, आणि १९१४ सालीं पोरबंदर येथें तें तयार होऊं लागलें. सिमेंट स्वस्त आणि सुलभ होण्याच्या आधीं बांधलेल्या घरांच्या भिंती बहुधा चुन्याच्या किंवा मातीच्या असतात. शंका असल्यास परीक्षा सोपी आहे. एखाद्या झांकलेल्या कोपऱ्यांत रंग काढून खिळ्यानें ओरखडा काढावा. पांढरट भुकटी सहज निघाली तर चुना समजावा. करड्या रंगाचा पृष्ठभाग खिळ्याला दाद देत नसेल तर सिमेंट. चुन्याच्या भिंतीला चुन्याचेंच ठिगळ लावावें. ठिगळ हें भिंतीपेक्षां कठीण कधींहि नसावें. फार तर तितकेंच असावें. पुढेंमागें झीज व्हावयाचीच असेल तर ती ठिगळाची व्हावी, भिंतीची होऊं नये.

मात्र ठिगळाच्याहि आधीं पाण्याचा माग काढावा लागतो, आणि या कामांत घाई करणारा दुप्पट पैसे देतो. जोत्यापासून वर कंबरेइतक्या उंचीपर्यंत चढलेली आणि वर आडव्या रेषेंत थांबलेली ओल जमिनींतून येते. पावसाबरोबर दिसणारी आणि हिंवाळ्यांत नाहींशी होणारी ओल छपराची, पन्हळीची किंवा बाहेरच्या भेगेची. ऐन मे महिन्यांतहि जी एकाच जागीं टिकून राहते, तिच्यामागें नळ, मोरी किंवा न्हाणीघर असलें पाहिजे. कित्येकदां पाणी बाहेरून येतच नाहीं. खोलींतल्या हवेंतील वाफच थंड भिंतीवर जमते. हें ओळखण्यासाठीं प्लास्टिकचा एक पारदर्शक तुकडा चारी कडांनीं चिकटपट्टीनें भिंतीवर घट्ट बसवून एक-दोन दिवस ठेवावा. खोलीच्या बाजूस थेंब जमले तर दोष हवेचा, भिंतीच्या बाजूस जमले तर ओल आंतून येत आहे. पुष्कळ ठिकाणीं सारा उपद्रव एका तुंबलेल्या पन्हळीचा, किंवा जोत्याला टेकून रचलेल्या मातीच्या ढिगाचा असतो. तो ढीग हलविण्यास गवंडी लागत नाहीं. आणि कदाचित् म्हणूनच तो कोणी हलवीत नाहीं.

भेगांचीहि अशीच पारख करावी. गिलाव्यावर जाळ्यासारख्या पसरलेल्या केसाएवढ्या बारीक भेगा सिमेंट लवकर सुकल्यानें पडतात. त्या बुजविल्या कीं काम झालें. काँक्रीटचा खांब आणि विटांची भिंत यांच्या सांध्यावर पडणारी उभी भेग ही दोन पदार्थ उष्णतेनें कमीअधिक प्रसरण पावतात म्हणून पडते. तेथें सांध्यावर तारेची जाळी ठोकून मग गिलावा करावा लागतो. परंतु खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यापासून तिरपी निघून रुंदावत जाणारी भेग गिलाव्याची नसते, भिंतीची असते. ती वाढत आहे कीं थांबली आहे हें पाहण्यास भेगेवर कांचेची अरुंद पट्टी दोन्ही टोकांशीं सिमेंटनें चिकटवावी आणि शेजारीं तारीख लिहून ठेवावी. कांहीं महिन्यांत कांच फुटली तर भिंत अजून हलत आहे. तेव्हां बोलवावयाचें तें रंगाऱ्याला किंवा गवंड्याला नव्हे, इंजिनियराला. अशा भेगेवर नुसता लेप देऊन ती झांकणें म्हणजे दुखणें झांकण्यासाठीं रोग्याला नवे कपडे घालणें होय. आणि येथें प्रश्न घरांत निजणाऱ्या माणसांच्या जिवाचा असतो.

पाणी थांबलें, भिंत वाळली, म्हणजे प्रत्यक्ष कामाला हात घालावा. प्रथम बोटाच्या पेरानें किंवा लांकडाच्या मुठीनें भिंत ठोकीत जावें. चांगला गिलावा खणखणीत वाजतो, सुटलेला पोकळ वाजतो. पोकळ भागाची हद्द खडूनें आंखावी. ती डोळ्यांना दिसणाऱ्या खड्ड्याच्या दुप्पट-तिप्पट निघाली तर आश्चर्य मानूं नये. तेवढा सगळा भाग छिन्नीनें काढावा. कडा बाहेरून आंत उतरत्या ठेवूं नयेत. आंतल्या बाजूस किंचित् रुंद ठेवाव्या, म्हणजे नवा गिलावा त्यांत अडकून बसतो. विटांचे सांधे बोटभर खोल खरवडावे, धूळ ब्रशानें झाडावी, आणि पाणी शिंपडावें. भिंत कोरडी करण्यासाठीं इतके दिवस घालविल्यावर पुन्हां पाणी कशाला, असें गृहस्थाला वाटतें. परंतु तहानलेली वीट नव्या गिलाव्यांतले पाणी क्षणांत ओढून घेते आणि मग तो घट्ट होण्याऐवजीं नुसता वाळतो. भिंत ओलसर असावी, निथळती नसावी.

चुन्याच्या कामाला विरवून भिजत ठेवलेला, लोण्यासारखा चुना एक भाग आणि धुतलेली खरखरीत वाळू तीन भाग, हें सर्वसाधारण प्रमाण. वाळूची परीक्षा कांचेच्या बाटलींत होते: निम्मी बाटली वाळूनें आणि बाकीची पाण्यानें भरून हलवावी व स्थिर ठेवावी, वर मातीचा जाड थर बसला तर ती वाळू धुतल्यावांचून घेऊं नये. गिलावा एका दमांत भरूं नये. सुमारें १० ते १२ मिलिमीटरचा एक थर द्यावा, त्यावर खिळ्यानें तिरप्या रेघा ओढाव्या, तो आंवळल्यावर दुसरा द्यावा, आणि शेवटीं लांकडी रंध्यानें जुन्या पृष्ठभागाशीं एकजीव करावा. पुढें कांहीं दिवस वर ओलें गोणपाट टांगावें. ऊन आणि वारा हे चुन्याचे शत्रु आहेत. लवकर वाळलेला चुना भुकटी होऊन हाताला लागतो.

सिमेंटच्या घरांत सिमेंटचें ठिगळ योग्यच आहे, आणि तेथें एक भाग सिमेंटला चार भाग वाळू पुरते. एका खोडीवर मात्र यजमानानें नजर ठेवावी. पाणी पडल्यापासून सुमारें अर्ध्या तासांत सिमेंट धरूं लागतें. दुपारच्या जेवणानंतर घमेल्यांत उरलेलें, आवळत चाललेलें कालवण पुन्हां पाणी घालून मऊ केलें, तर तें लावावयास सोपें जातें आणि भिंतीवर कधींच नीट धरत नाहीं. सात दिवस पाणी मारणेंहि टळतें तें याच घाईपायीं. पांढऱ्याशुभ्र प्लास्टर ऑफ पॅरिसचा मोह ओलसर भिंतीवर टाळावा. तें जिप्सम असतें, आणि जिप्सम पाण्यांत थोडें विरघळतें, लिटरला सुमारें २ ग्रॅम.

याच जिप्समचे कागदांत मढविलेले तक्ते हल्लीं शहरांतील कचेऱ्यांत आणि सदनिकांत भिंतींच्या जागीं उभे राहतात. अमेरिकेंत ऑगस्टीन सॅकेट यानें अशा तक्त्याचें पेटंट १८९४ सालीं घेतलें, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशांतील बहुतेक घरें आंतून याच तक्त्यांचीं झालीं. तक्ता साधारणतः १२.५ मिलिमीटर जाड. दाराच्या मुठीचा धक्का बसला तरी भोंक पडतें. येथें गवंड्याची थापी उपयोगी नाहीं. लहान भोंकावर जाळीची पट्टी चिकटवून सांधे भरण्याच्या लगद्याचे तीन पातळ हात द्यावे, प्रत्येक हात आधीच्याहून रुंद, म्हणजे उंचवटा दिसत नाहीं. मोठें भोंक चौकोनी कापून घ्यावें, आंतून लांकडाची पट्टी स्क्रूनें बसवावी, तिच्यावर त्याच जाडीचा तुकडा स्क्रूनें पक्का करावा, आणि सांध्यावर कागदाची पट्टी व लगदा लावून वाळल्यावर घासावें. पाण्यानें फुगलेल्या तक्त्याला मात्र ठिगळ नाहीं. तो कापून काढावा लागतो. आणि मागचा नळ दुरुस्त केल्यावांचून नवा बसविला तर तोहि फुगतो.

राहिला मुहूर्ताचा प्रश्न. दिवाळी ही रंगाची वेळ असेल, भिंतीची नव्हे. पावसाळ्यांत डागांच्या जागा पाहून आंखून ठेवाव्या, छप्पर व पन्हळी पावसाची उघडीप होतांच नीट कराव्या, भिंतीला हिंवाळाभर वाळूं द्यावें, आणि गिलाव्याचें काम माघ-फाल्गुनांत, ऊन तापण्यापूर्वीं काढावें. चुन्याच्या ठिगळावर निदान महिनाभर रंग लावूं नये, आणि नंतरहि तेलाचा रंग लावूं नये. तो पुन्हां मेणकापडच ठरतो. दुधासारखा पातळ सफेदीचा हात द्यावा, तो वाळूं द्यावा, मग दुसरा, मग तिसरा. पहिल्या हाताला भिंत जवळजवळ उघडीच दिसते, आणि रंगाऱ्यानें फसविलें असें वाटतें. वाळतांना ती पांढरी होत जाते.