सुजलेले मूल आणि घरातील दूध-वरण

चिपळुणास एखाद्या भरल्या घरात चार वर्षांचे मूल सकाळी उठते, तो त्याच्या डोळ्यांभोवती सूज दिसते. दोन दिवस ती पावसाळी सर्दीवर ढकलली जाते. पुढे पाय सुजतात, लघवीला फेस येतो, आणि घरात दोन पक्ष पडतात. आजीबाई दूध व वरण बंद करावयास सांगतात. काकांचे म्हणणे उलट: अंगातील सत्त्व लघवीवाटे जात आहे, तर ते दुपटीने भरून काढावे.

आजीबाईंची शंका अगदीच निराधार नाही. खाल्लेल्या प्रथिनांचे जठरात व आतड्यात तुकडे होतात. तथापि अल्पसा अंश अखंड राहून रक्तात शिरतो, व तान्ह्या वयात तो अधिक शिरतो. शरीर बहुधा त्यास सोसते. क्वचित मात्र ते त्याला शत्रू समजून त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये निर्माण करते.

२०११ साली पॅरिसचे संशोधक हान्ना देबिएक व पिएर रोन्को यांनी सहकाऱ्यांसह याचा पुरावाच पुढे मांडला. 'मेंब्रेनस नेफ्रोपॅथी' या मूत्रपिंडविकाराच्या ५० रोग्यांपैकी ११ जणांच्या रक्तात गाईच्या अल्ब्युमिनविरुद्ध प्रतिद्रव्ये भरपूर आढळली. त्यांत ४ मुले होती. हे अल्ब्युमिन गाईच्या दुधात असते. मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण्यांच्या भिंतीवर ऋण विद्युद्भार असतो, आणि या मुलांच्या रक्तातील अल्ब्युमिनवर धन. त्यामुळे ते भिंतीस चिकटले, प्रतिद्रव्ये त्यामागोमाग तेथे पोहोचली, आणि त्यांच्या झुंजीत गाळणीच गळू लागली.

पण म्हणून आजीबाईंचा पक्ष जिंकला असे नव्हे. हा विकार मुलांत विरळा. लहान मुलांची नेहमीची सूज निराळ्या प्रकारची असते व ती बहुतेकांत प्रेडनिसोलोनने उतरते. त्यांतील थोड्या मुलांना दूध सोडल्याने गुण आल्याच्या नोंदी आहेत, परंतु तो सर्वांस लागू पडणारा नियम नव्हे. शिवाय आपल्या शाकाहारी घरांत दूध-ताक आणि डाळी-कुळीथ एकदम वर्ज्य केले, तर पानात प्रथिन म्हणावे असे उरते काय? हे औषध दीर्घकाळ चालले तर वाढ खुंटविते व हाडे ठिसूळ करिते. त्यात ही उपासमार!

काकांचाही हिशेब चुकतो. गाळणी दुरुस्त नसता दुप्पट वरण घातले, तरी रक्तातील तूट त्याने भरत नाही. वयाला साजेसे नेहमीचे जेवण पुरे. सूज असेतो मीठ मात्र कमी हवे. पापड-लोणचे बाजूस ठेवावे. येथे आजीबाईंचे अळणी पथ्य सर्वस्वी योग्य.

लघवीची साधी तपासणी चिपळुणात सहज होते. तालुक्यातच डेरवण येथे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालयही आहे. निदान झाल्यावर घरी रोज सकाळच्या पहिल्या लघवीत तपासणीची कागदी पट्टी बुडवून तिचा रंग वहीत टिपावा. दूध थांबवून पाहावयाचेच असेल तर डॉक्टरांच्या संमतीने, ठराविक आठवडे, आणि ही वही समोर ठेवून.